हाकेचा कंदील

मामाच्या दुकानात आलेली वस्तू न उघडता परत गेली, असं कधी झालं नाही. पंख्याची नुसती वायर निघालेली असो, मिक्सरचं नुसतं झाकण बसत नसो, हा आधी सगळे स्क्रू काढणार, आत डोकं घालणार आणि गिऱ्हाइकाकडे न बघताच विचारणार, "हं, कधीपासून त्रास आहे हिला?" गिऱ्हाईक बिचारं म्हणायचं, "अहो, त्रास कसला, झाकण तेवढं बदलून द्या." पण ऐकेल तो मामा कसला! त्याची थोरली बहीण त्याला लहानपणापासून खटपट्या म्हणायची ते काही उगीच नाही.

तसा तो मामा एकाच पोरीचा, ह्या बहिणीच्या मुलीचा. पण पोर शाळा सुटली की दुकानात येऊन "मामा, मामा" असा घोष लावायची, त्यामुळे अख्खी गल्लीच त्याला मामा म्हणायला लागली होती. पोरीचं नाव त्यानंच ठिणगी पाडलेलं. एवढीशी, पण जिथे पडेल तिथे काहीतरी पेटवून येणार. तोंड तर बंदच नाही. दुरुस्त केलेला टीव्ही निदान एक अख्खा पिच्चर चालवून बघायचा, नाहीतर गिऱ्हाइकाला देऊ नये, हा दुकानाचा नियम तिनंच केला होता आणि मामा तो इमानेइतबारे पाळत होता.

तर अशाच एका दुरुस्त टीव्हीवर तिनं तो कंदिलाचा पिच्चर पाहिला. धुक्याचं राज्य, त्यात हरवलेली माणसं, आणि एका जादूगारणीचा तांब्याचा कंदील. कंदिलाला पुढे नरसाळ्यासारखं तोंड. त्या तोंडात एखाद्याचं नाव घेऊन हाक मारायची. तो माणूस जगात कुठेही असला, पण असला, तर कंदील पेटतो. नसला तर अंधार. मामा हातातल्या मोटारीवर तार गुंडाळत होता, त्याचं अर्धंच लक्ष होतं. पण पिच्चर संपला तरी पोर गप्पच, तेव्हा त्यानं मान वर केली. ठिणगी आणि गप्प? दुकानातला पंखा बंद पडला असता तर त्याला एवढं नवल वाटलं नसतं.

"मामा, असा कंदील करता येतो?"

"न यायला काय झालं? तुझा मामा आहे कोण?"

"मग माझ्या वाढदिवसाला दे. पण खरा पाहिजे. हाक मारली की पेटणारा."

"आणि हाक कुणाला मारणार?"

"ते मी आणि कंदील बघून घेऊ," असं म्हणून ती दप्तर उचलून चालती झाली. मामाची पंचाईत झाली. शब्द तर देऊन बसला होता. आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, ही त्याची जुनी खोड.

कारण हाक कुणाला मारणार हे काय विचारायला हवं? ठिणगीचे वडील, म्हणजे मामाचे दाजी, नदीवरच्या गाळ उपसायच्या बोटीवर कामाला होते. एका पुरात बोटीचा साखळदंड तुटला आणि बोट उलटली. बाकीच्यांपैकी कुणी पोहून आले, कुणी पुढच्या वळणावर सापडले, कसे सापडले ते सांगत नाही. दाजी तेवढे सापडले नाहीत. मामा काठाकाठानं हाका मारत फिरला होता, "दाजी! ओ दाजी!" घसा बसेपर्यंत. घसा बसला आणि हाका थांबल्या. घरी येऊन ताईला "आता शोधण्यात अर्थ नाही" हे सांगणाराही तोच. त्यानंतर त्यानं त्या माणसाला कधी मोठ्यानं हाक मारली नाही. मारायचं कारणच काय म्हणा! तेव्हा ठिणगीचे दुधाचे दातही पडले नव्हते.

ताई अजून त्याच घरात राहत होती. नदीला लागून घर, खाली एक खोली, वर एक, मध्ये काळोखा जिना. खालच्या खोलीच्या भिंतींना ओल अशी चढलेली की हात लावला तर रंग हाताला यायचा. पूर आला की पाणी जिन्याच्या पायऱ्या मोजत वर यायचं. पोरीचा खोकला हटत नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषधं कितीही द्या, आधी जागा बदला. दुकानावरच्या दोन खोल्या मामाच्याच, रिकाम्या, उन्हाच्या. सांगून सांगून मामाच्या तोंडाला फेस आला होता. पण इथेच तर घोडं पेंड खात होतं.

"आम्ही तिकडे आलो आणि मागे..." ताई एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. वाक्य तिनं कधी पुरं केलं नाही.

खालच्या दाराला ती कडी लावत नसे. दार नुसतं लोटलेलं. वारा आला की ते कुरकुरायचं, आणि बोलता बोलता ताई थांबायची. हातातला चमचा हातात, तोंडातला शब्द तोंडात. मग काही नाही असं कळलं की पुढचा शब्द जिथला तिथून उचलायची. त्या घरात दोघी राहतात असं मामाला कधी वाटलंच नाही. तिघं राहतात, आणि त्यातला एक सतत जिन्याखाली उभा आहे, असंच वाटायचं. पायातले जोडे काढून, वर यायची परवानगी मागत.

कंदिलाचं कळल्यावर ताई रागावेल, "नसते खेळ करू नकोस" म्हणेल, अशी मामाला आशा होती. आशाच म्हणायची, सुटका झाली असती. पण ताई भांडी पुसता पुसता म्हणाली, "दे की करून. मलाही बघायचाय."

"अगं, खेळणं आहे ते. पिच्चरमधलं."

"मग तू कशाला घाबरतोस?"

मामा चहा न पिताच निघाला.

कामाला मात्र तो जीव ओतून लागला. भंगारवाल्याकडे जाऊन ढिगात हात घातला आणि स्टोव्हची एक पितळी टाकी ओढून काढली. पोचे आलेली, पण अंगानं चांगली गुबगुबीत. ते झालं कंदिलाचं पोट. मोडक्या छत्रीच्या काड्या वाकवून वरचा घुमट केला. स्कूटरच्या दिव्याची कड, तिच्यात औषधाच्या निळ्या बाटलीची काच. पुढे तेलाचं नरसाळं डाग देऊन जोडलं. वर बादलीची कडी. पितळ नवं दिसू नये म्हणून त्याला मीठ आणि व्हिनेगर चोळून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. फडकं सोडलं तेव्हा त्यावर असा हिरवा गंज चढला होता की शंभर वर्षं धुक्यात फिरून आल्यासारखा वाटावा. भंगारवाला बघायला आला होता, तो म्हणाला, "मामा, हा विकायला काढलास तर आधी मला सांग. आणि नाही विकलास तर रात्रीचा माझ्याकडे तोंड करून ठेवू नकोस."

राहिला प्रश्न पेटण्याचा. टाळी वाजवली की नाचणारं एक माकड खोक्यात पडलं होतं, कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरून गेलेलं. त्याच्या पोटातला माइक आणि सर्किट मामानं काढून नरसाळ्याच्या बुडाशी बसवलं, पुढे बॅटरीचा बल्ब जोडला. आवाज झाला की बल्ब पेटणार, क्षणभर राहणार, विझणार. झालं काम.

दुपारची वेळ, गल्ली सामसूम. मामानं नरसाळ्यात तोंड घालून स्वतःचंच नाव पुकारलं. निळा उजेड! "आहेस की रे जिवंत," तो खूश होऊन म्हणाला. मग त्यानं आपल्या आईला हाक मारली. आईला जाऊन जमाना झाला होता. कंदील तिच्यासाठीही लख्ख पेटला. मामा हसला. माकडाच्या माइकला काय कळतंय कोण आहे आणि कोण नाही? त्याला आवाजाशी मतलब.

मग त्यानं म्हटलं, "दाजी."

अंधार.

पुन्हा म्हटलं. अंधार. स्वतःचं नाव घेतलं, पेटला. शेजारच्या न्हाव्याचं घेतलं, पेटला. "दाजी." काही नाही. नरसाळ्याचं तोंड नुसतं आ वासून त्याच्याकडे बघत होतं. त्यानं लगेच स्क्रू काढले, आत डोकं घातलं, आणि मग त्याला उमगलं. बिघाड आत नव्हता, त्याच्या घशात होता. तो शब्द आला की आवाज बसायचा, नदीकाठी बसला तसा. माइकला भुतंबितं कळत नाहीत, त्याला पुटपुटणं ऐकू येत नाही एवढंच. एवढं साधं कारण. पण कारण सापडलं तरी त्यानं पुन्हा "दाजी" म्हणून पाहिलं नाही.

आणि मग त्याच्या डोक्यात आलं की ठिणगीचा घसा काही बसलेला नाही. ती "बाबा" म्हणून अशी खणखणीत हाक मारेल की हा पितळी राक्षस भडकन पेटेल. मग? मग ताई त्या ओलीत जन्मभर बसेल, पोर खोकत राहील, आणि दाराला कडी लागायची नाही ती नाहीच. छे! कंदील पेटून चालणार नव्हतं. त्या एका हाकेला तरी तो विझलेला राहायला हवा होता. ताईनं एकदा डोळ्यांनी अंधार बघावा, रडावं, आणि पोरीला घेऊन उन्हात यावं. खोटं तर खोटं. पण खोटं बोलून खरंच तर सांगायचं होतं.

म्हणून त्यानं टाकीच्या बुडाला एक बटण बसवायचं ठरवलं. हातात धरल्या धरल्या बोटानं दाबलं की माइक मेला. खोक्यात हात घालून पहिलं सापडलं ते बटण घेतलं, आणि ओळखलं. ते ताईच्या जिन्याचं होतं.

दाजींनी आयुष्यात केलेलं एकमेव वायरिंग. खाली एक बटण, वर एक. खालून लावा, वरून मालवा. संध्याकाळी ते कामावरून आले की खाली "खट्" व्हायचं आणि जिना उजळायचा. दारूगोळ्यासारखा आवाज होता त्या बटणाचा. मामा चिडवायचा, "दाजी, बटण बसवलंय की फटाका?" मागे ओलीनं ते खालचं बटण खराब झालं म्हणून मामानं बदलून दिलं होतं आणि जुनं खिशात टाकलं होतं. वस्तू फेकून द्यायला त्याचा हात कधीच धजत नसे. आता त्यानं ते पॉलिश पेपरनं घासलं आणि बसवलं. जिन्याच्या बटणाला तीन पॉइंट असतात. दोन वापरले, तिसऱ्याचं काम नव्हतं. त्यावर काळी चिकटपट्टी लावली. कामात हयगय नाही, मग काम खोटेपणाचं का असेना.

वाढदिवसाच्या दुपारी तो कंदील फडक्यात गुंडाळून ताईकडे गेला. वरच्या खोलीत तिघंच. ठिणगीनं मैत्रिणींना बोलावलं नव्हतं, "आज नको" म्हणाली होती. नदी चढलेली, खिडकीतून तिचा आवाज येत होता. केक कापून झाला, पण खाण्यात कुणाचं लक्ष नव्हतं. मामानं फडकं सोडलं आणि पोरीच्या तोंडून नुसता श्वास आला.

"हा तोच आहे," ती म्हणाली. "मामा, हा तोच आणलास तू!"

"जड आहे हं. मी खालून धरतो." मामाचं बोट बटणावर होतं.

ठिणगीनं आधी "मामा!" अशी हाक मारली. निळा उजेड भिंतीवरच्या ओलीवर पसरला. "आई!" पेटला. मग शाळेच्या बाईंना मारली, शेजारच्या भांडकुदळ बोक्याला मारली, सगळ्यांना पेटला. बोक्याला पेटल्यावर ताईसुद्धा हसली. "ते मेलं नऊ जन्मांचं आहे, त्याला पेटणारच."

मग पोरीनं तोंड नरसाळ्यापाशी नेलं, ओठ उघडले. मामानं बोट ताणलं. पण तिनं तोंड मागे घेतलं आणि कंदील आईकडे वळवला.

"आई, तू मार."

"का गं? तुझा वाढदिवस ना?"

"मी तेव्हा लहान होते. माझा आवाज आता बदललाय. त्यांना ओळखू नाही आला तर?"

मामाला वाटलं, द्यावा हा कंदील खिडकीतून नदीत भिरकावून. पण ताई उठली होती. पदराला हात पुसत आली, नरसाळ्यापाशी वाकली आणि म्हणाली, "अहो..."

अंधार. बोट हललंसुद्धा नव्हतं. "अहो" म्हणजे नुसता वाराच की, अर्धा श्वास आणि अर्धी लाज. माइकला तो कुठून ऐकू येणार? मामानं मनात म्हटलं, चला, बरं झालं, माझ्या हातून पाप टळलं.

"असं नाही आई," ठिणगी म्हणाली. "अहो म्हणजे कोण? रस्त्यावरचे सगळेच अहो. नाव घ्यावं लागतं. पिच्चरमध्ये नावच घेतात."

खरंच की. त्या घरात त्या माणसाला नाव नव्हतंच. बायकोचा तो "अहो", मुलीचा "बाबा", मेव्हण्याचा "दाजी". मामानं आठवून पाहिलं, ताईच्या तोंडून त्यानं ते नाव कधी म्हणजे कधीच ऐकलं नव्हतं. नदीकाठी तो स्वतः एवढा बोंबलला, तोही "दाजी, दाजी" असंच. बोटीवरच्या निम्म्या माणसांचे मेव्हणे तेव्हा काठावर तेच ओरडत होते. पाण्यातल्या माणसाला कसं कळावं की ही हाक आपल्याला आहे?

ताई सरळ उभी राहिली. तिनं डोळे मिटले आणि नाव घेतलं.

ते नाव इथे सांगत नाही. जन्मात एकदा तिनं ते उच्चारलं, तिचं तिलाच राहू दे. पण असं घेतलं की खिडकीची काच थरथरली. रागानं घेतलं, मायेनं घेतलं, अंगणातून पोराला हाक मारावी तसं घेतलं. आणि तिचं तोंड उघडतंय तोच मामानं बटण दाबलं.

खट्!

अरे देवा. त्या आवाजाचा त्यानं विचारच केला नव्हता. सगळा विचार केला, तिसऱ्या पॉइंटवर पट्टीसुद्धा लावली, पण हा आवाज ताई ओळखेल हे काही त्याच्या टाळक्यात आलं नाही. तिचे डोळे उघडले. ती कंदिलाकडे बघत नव्हती. जिन्याकडे बघत होती.

आणि कंदील पेटला.

माइक मेलेला, बटण बंद, त्याच्याच बोटाखाली बंद, आणि तो पेटला. आधीसारखा चटकन नाही. हळूहळू, जिन्यानं कुणी दिवा घेऊन वर यावं तसा चढत गेला. ओली भिंत, केक, ठिणगीचे मोठे झालेले डोळे, सगळं निळं झालं. एक माणूस दारात उभा राहून श्वास घेईल आणि सोडेल तेवढा वेळ तो राहिला. मग विझला.

खाली दार कुरकुरलं. वारा असेल. वाराच असणार.

मामाला एकच दिसत होतं, करायला गेलो काय आणि झालं काय! आता ही बाई इथून हलत नाही. आपल्याच हातानं हिला जन्माची इथे बांधून ठेवली.

"आई, म्हणजे बाबा आहेत?" ठिणगीनं विचारलं.

ताईनं तिला जवळ ओढलं. "नाहीत गं राणी. बाबा गेले. पण ऐकलं त्यांनी."

मामानं कंदील खाली ठेवला. "ताई..."

"काय ताई? मला काय खुळी समजत होतास तू?" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज साफ होता. "ते येणार नाहीत हे मला तुझ्याआधी कळलं होतं. तू काठावरून यायच्याही आधी. दार काय ते यावेत म्हणून उघडं ठेवत होते का मी?"

"मग कशाला?"

तिनं खिडकीतून नदीकडे पाहिलं. नदीचा आवाज येत राहिला.

"त्या दिवशी पाणी चढलं होतं. मी म्हटलं, आज जाऊ नका. ऐकलं नाही. मी तोंड फिरवून बसले. खाली गेल्यावर त्यांनी जिन्यातून हाक मारली. माझं नाव घेऊन. एकदा मारली, परत मारली. मी ऐकलं रे. चांगलं ऐकलं. पण म्हटलं, मारू देत, आज ओ द्यायची नाही. मग खट् झालं, दिवा मालवला आणि गेले." तिनं नाक ओढलं. "हाकेला ओ न देता दार कसं लावायचं, तूच सांग. दाराशी माणूस हाक मारून उभा आहे आणि आपण आतून कडी घालायची?"

इतकी वर्षं मामा ह्या बाईला समजावत होता, आणि समजलं त्याला स्वतःलाच काही नव्हतं.

"आज मी हाक मारली तर त्यांनी ओ दिली," ताई म्हणाली. "माझ्यासारखं तोंड फिरवून नाही बसले. मनानं मोठा माणूस होता. होताच." मग ती बराच वेळ रडली, पोरीला कुशीत घेऊन. आणि रडून झाल्यावर तोंड धुवून म्हणाली, "त्या तुझ्या खोल्यांत भांडी ठेवायला फळ्या आहेत का, की त्यापण मीच ठोकायच्या?"

सामान हलवून निघताना ताईनं खालचं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. कडी गंजली होती, सरकेना. मामा हात लावायला पुढे झाला तर तिनं त्याला बाजूला केलं. दोन्ही हातांनी जोर लावून तिनं ती घातली. मग पाठ वळवली आणि चालायला लागली.

खोल्यांत ऊन होतं. ठिणगीचा खोकला हळूहळू उतरत गेला, तोंड मात्र पहिल्यासारखं चालू झालं. ताईनं फळ्या स्वतःच ठोकल्या आणि मामाच्या हातोडीला नावंही ठेवली. सगळं मनासारखं झालं होतं. मामानं खरं तर पेढीवरच्या शेटजीसारखं पोटावर हात ठेवून बसायला हरकत नव्हती.

पण कंदील दुकानातच राहिला होता. "मामा, ह्याचं काम झालं, तू ठेव," असं म्हणून पोरीनं तो टेबलावर आणून ठेवला होता. आणि मामा, ज्यानं आयुष्यात कुठलीही वस्तू न उघडता सोडली नाही, तो त्याला हात लावत नव्हता. फडकं टाकून ठेवला होता.

एके दिवशी संध्याकाळी कुणाच्या तरी जिन्याचं बटण दुरुस्तीला आलं. ते हातात घेतलं आणि मामानं कपाळावर हात मारला. अरे, काखेत कळसा नि गावाला वळसा! जिन्याच्या बटणाला "बंद" असतंच कुठे? एकीकडून बंद केलं की ते दुसरीकडून सुरू होतं, त्यासाठीच तर ते केलेलं. तिसऱ्या पॉइंटला एखादी तार टेकली असणार, बस्स! म्हणजे त्या दिवशी आपणच बंद करायला गेलो आणि आपल्याच बोटानं दिवा लावला. मामाला इतकं हलकं वाटलं की तो मोठ्यानं हसला. स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. ताईला सांगायचं नाही, तिला कशाला? पण आपल्या जिवाला तरी घोर नको.

त्यानं फडकं काढलं, कंदील उलटा केला, स्क्रू काढले आणि आत डोकं घातलं.

दोन पॉइंटना दोन तारा होत्या, नीट पीळ देऊन बसवलेल्या. तिसऱ्यावर काळी पट्टी होती. जशी लावली होती तशी, चारी कडा चिकटलेल्या. त्यानं ती सोलून काढली. आतला स्क्रू कोरा होता. कुठलीही तार जवळपाससुद्धा आली नव्हती.

वरच्या खोलीत ताईनं भांडी आवरली, पोरीला झोपायला पिटाळलं, आणि मग आतून कडी लावल्याचा आवाज आला. रोज लावायची. आता बिनधास्त लावायची.

त्यानं कंदील पुन्हा सरळ केला. नरसाळ्यापाशी तोंड नेलं. नदीकाठचं सगळं त्याला आठवलं, आपण हाका मारायचं थांबलो ते, घरी येऊन सांगितलं ते. त्यानं दाजींचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. घसा बसला तो बसलाच. शब्द काही बाहेर येईना.

मग तो उठला. गल्लीतले दिवे लागले होते, दुकानं बंद होत होती. त्यानं शटर खाली ओढलं, आणि अर्ध्यावर थांबवलं. एक माणूस वाकून आत येऊ शकेल, एवढं. उद्या ताई विचारेल. विचारलं तर सांगायचं, आत कोंडतं म्हणून हवेसाठी ठेवतो.